पुण्याच्या कुंभाराने बसवलेलं नाक

माझे मामू जेवायला कुणासमोर बसत नाहीत. २०२१ साली कोरोनातून उठले आणि पंधरा-वीस दिवसांत काळ्या बुरशीने गाठलं. म्युकरमायकोसिस हा शब्द तेव्हा मराठवाड्यातल्या आज्या-नान्यांनाही पाठ झाला होता. डॉक्टरांनी जीव वाचवला, पण उजव्या बाजूचा वरचा जबडा टाळूसकट काढावा लागला. टाळू नसली की काय होतं ते ज्याच्या घरात घडलं त्यालाच कळतं. प्यायलेलं पाणी नाकातून बाहेर येतं, आणि बोललेलं घरच्यांनाही समजत नाही. उभी हयात मुशायऱ्यात पहिल्या रांगेत बसून दाद देणारा माणूस वही-पेन घेऊन बोलायला लागला.

काही महिन्यांनी दातांच्या डॉक्टरांनी त्यांना एक प्लेट बनवून दिली. दिसायला कवळीसारखी, पण तिला वर एक फुगवटा असतो, तो जबड्याच्या पोकळीत बसतो आणि तोंड व नाक यांच्यामधलं भोक बुजवतो. पहिल्यांदा ती बसवून मामूंनी माझं नाव घेतलं, तेव्हा अम्मी दुपट्ट्यात तोंड लपवून रडली. मामूंचा पहिला प्रश्न मात्र वेगळाच होता. अंगात अशी नकली वस्तू घालून नमाज होते का? त्यांनी तो मोहल्ल्याच्या मशिदीतल्या इमामसाहेबांना विचारला. इमामसाहेबांनी फतव्याच्या भाषेत उत्तर दिलं नाही. त्यांनी हजरत अरफजा यांचा किस्सा सांगितला.

अरफजा बिन असअद हे सहाबी. इस्लामपूर्व काळात कुलाबच्या लढाईत त्यांचं नाक कापलं गेलं होतं. त्यांनी चांदीचं नाक बनवून लावलं. पण त्याला दुर्गंधी येऊ लागली. तेव्हा पैगंबरांनी (स.) त्यांना सोन्याचं नाक लावून घ्यायला सांगितलं. पुरुषाला सोनं वर्ज्य, हे आपल्यातल्या लहान पोरालाही माहीत असतं. तरीही इथे सोन्याला परवानगी मिळाली, कारण सोनं गंजत नाही, सडत नाही, आणि माणसाला चारचौघांत बसता येतं. अबू दाऊद आणि तिर्मिझी या दोन्ही हदीससंग्रहांत ही घटना आहे. मामूंना एवढं पुरलं. त्या दिवसापासून ते मस्करीत स्वतःला अरफजाचा शागीर्द म्हणवून घेतात.

मी उर्दू आणि मराठी शिकवते, विज्ञान नाही. पण वर्गात प्रश्न विषय बघून येत नाहीत. मागच्या वर्षी नववीतल्या एका मुलाने विचारलं, "मॅडम, प्लास्टिक सर्जरीचा शोध कुणी लावला?" मी उत्तर द्यायच्या आत वर्गाने देऊन टाकलं. एक जण म्हणाला, सुश्रुताने. दुसरा म्हणाला, अल-झहरावीने. दोघांनी आपापल्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचं उत्तर दिलं होतं. ते दोन्ही फॉरवर्ड माझ्याही मोबाइलमध्ये आहेत. एक कॉलनीच्या ग्रुपवर आला, दुसरा खानदानाच्या. पहिल्यात लिहिलंय की सगळं आपल्याकडे होतंच, परकीयांनी नष्ट केलं. दुसऱ्यात लिहिलंय की सगळं मुसलमानांनी शोधलं, युरोपने चोरलं. मी मुलांना म्हटलं, उद्या सांगते. त्या 'उद्या'ला दोन महिने लागले, आणि शोधता शोधता मी पोचले ती बनारसलाही नाही आणि बगदादलाही नाही. पोचले पुण्याला.

ऑक्टोबर १७९४. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकात एक पत्र छापून आलं, खाली सही फक्त 'बी. एल.'. सोबत एका माणसाचं चित्र. माणसाचं नाव कावसजी. नाव पारशी वाटतं, पण पत्रात त्याला मराठा, शेतकरी जातीचा म्हटलंय. इंग्रजांच्या फौजेत तो बैल हाकायचा. टिपू सुलतानाशी झालेल्या १७९२ च्या युद्धात तो कैद झाला, आणि टिपूच्या माणसांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. तशाच अवस्थेत तो श्रीरंगपट्टणजवळ मुंबईच्या फौजेला येऊन मिळाला. कंपनीने त्याला पेन्शन दिली. वर्षाहून जास्त काळ तो बिननाकाचा जगला. मग पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवं नाक बसवून दिलं.

हा माणूस कोण? पत्रात एवढंच आहे, की तो विटा करणाऱ्या जातीचा होता. आपल्याकडे विटा, कौलं, मडकी हे कुंभाराचं काम. म्हणजे तो कुंभार. त्याचं नाव लिहिलेलं नाही.

त्याने काय केलं ते मात्र बारकाईने लिहिलंय, कारण टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या मुंबई इलाख्याच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया होताना डोळ्यांनी पाहिली होती. मी ते वर्णन चार वेळा वाचलं. आधी त्याने मेणाचा पातळ पत्रा घेतला आणि उरलेल्या नाकाच्या खुंटावर दाबून नीट नाकाचा आकार दिला. मग ते मेणाचं नाक उचलून सपाट केलं आणि कपाळावर ठेवलं. त्याच्या कडेने रेघ ओढली. रेघेच्या आतली कातडी कपाळावरून सोडवली, पण सगळी नाही. दोन भुवयांच्या मध्ये एक अरुंद पट्टी तशीच जोडलेली ठेवली. मग नाकाच्या खुंटावरचा जुना व्रण खरवडून ताजा केला आणि त्याच्या मागे, नाकपुड्यांच्या बाजूने वरच्या ओठापर्यंत चीर घेतली. कपाळाची कातडी अर्धा पीळ देऊन खाली आणली, म्हणजे वरची बाजू वरच राहते, आणि तिच्या कडा त्या चिरेत खोवल्या. टाके नाहीत. कात, हो, विड्यात घालतो तोच कात, पाण्यात कालवून कापडाच्या पट्ट्यांना लावला आणि अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक चिकटवल्या. चार दिवस दुसरं काही नाही. मग त्या काढून तुपात भिजवलेलं कापड. पाच-सहा दिवस रुग्णाने उताणंच झोपायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाच्या वाती, म्हणजे भोकं बुजत नाहीत. आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास भुवयांमधली ती पट्टी कापायची. तोवर नवं नाक जागेवर रुजलेलं असतं.

ती पट्टी हेच या सगळ्याचं रहस्य आहे. अंगावरून पूर्ण सुटलेली एवढी जाड कातडी दुसरीकडे नुसती चिकटवली, तर रक्त न मिळाल्याने ती काळी पडून मरते. पट्टी जोडलेली असली की रक्त येत राहतं. नव्या जागेचं रक्त सुरू झालं की जुनी वाट तोडायची. आमच्या आजोळी आंब्याची भेट कलमं करायचे, त्याची मला आठवण झाली. रोपाची फांदी आणि मोठ्या झाडाची फांदी दोन्ही सोलून एकमेकींना बांधायच्या, पण मोठ्या झाडाची फांदी लगेच तोडायची नाही. दोन्हींचा जीव जुळला की मगच आईपासून लेक वेगळी करायची. उर्दूत कापडाच्या ठिगळाला पैवंद म्हणतात आणि झाडाच्या कलमालाही पैवंदच. अवयव बसवण्याला उर्दू वर्तमानपत्रं पैवंदकारी म्हणतात. पुण्याच्या त्या माणसाच्या हाताखाली या शब्दाचे तिन्ही अर्थ एक झाले होते.

हे सगळं माणूस जागा असताना. ईथर देऊन बेशुद्ध करण्याचा पहिला जाहीर प्रयोग बोस्टनला झाला तो १८४६ साली, म्हणजे त्रेपन्न वर्षांनी. कावसजीला उरलेल्या एका हाताने काहीतरी घट्ट धरून ठेवावं लागलं असेल.

कुंभारच का, याचा मी बराच विचार केला. कपाळाच्या सपाट कातडीतून उभं नाक करायचं, तर उभ्या आकाराचं सपाट माप आधी काढता आलं पाहिजे. किती घेतलं म्हणजे वाळल्यावर, आकसल्यावर किती उरेल, हा हिशेब बोटांत पाहिजे. रोज ओल्या मातीशी खेळणाऱ्याला तो कुणी शिकवावा लागत नाही. हा माझा अंदाज आहे, पुरावा नाही. पण त्याच पत्रात म्हटलंय, की ही शस्त्रक्रिया हिंदुस्थानात दुर्मीळ नाही, फार जुन्या काळापासून होत आलीय आणि बहुतेक वेळा यशस्वी होते. म्हणजे हा एकटा कुणी चमत्कारी माणूस नव्हता. त्याच्या हाताखालून आधी बरीच नाकं गेली होती.

आता टिपूबद्दल. आमच्या घरात टिपूची तसबीर होती, अब्बांनी लावलेली, आणि शेरे-म्हैसूरच्या गोष्टी ऐकत मी वाढले. ही ओळ गाळून निबंध लिहिणं मला सोपं होतं. 'एका युद्धात नाक गमावलेला' असं लिहिलं असतं तर कुणी विचारलं नसतं. काही जण म्हणतील, शत्रूने लिहिलेलं आहे, कशाला खरं मानायचं. पण कावसजीला नाक नव्हतं, हे तर खरं होतं. शत्रूच्या बैलवाल्यांची, सामान वाहणाऱ्यांची नाकं कापली की फौज लंगडी होते आणि परत गेलेला प्रत्येक माणूस चालतीबोलती दहशत बनतो. हा हिशेब टिपूने शोधलेला नाही. त्याच म्हैसूरच्या वडियार राजांच्या काळात, १६५६ च्या सुमारास, मदुराईशी झालेल्या लढाईत इतकी नाकं कापली गेली, की तमिळ इतिहासात तिचं नावच 'नाकांची लढाई' पडलं. तेव्हा याला धर्म नव्हता. आणि १७९२ च्या युद्धात टिपूच्या विरुद्ध इंग्रजांच्या बाजूने कोण होतं? पेशवे होते आणि निजामही होता. आपलं औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर, त्या वेळी निजामाच्याच राज्यात होतं. आज शाळेतली पोरं ज्या दोन रांगांत इतिहास उभा करतात, त्या रांगांत हे युद्ध मावत नाही.

आपल्या शहराशी जुळणारा आणखी एक जुना धागा सापडला. निकोलाव मनुची नावाचा एक व्हेनिसचा माणूस मोगलांकडे आला, हकीम म्हणून मिरवू लागला, औरंगजेबाचा मुलगा शाह आलम याच्या पदरी राहिला. पुढे गोव्याच्या पोर्तुगीजांचा वकील म्हणून तो संभाजी महाराजांनाही भेटला. ज्या दोन नावांवरून आपल्या शहरात इतकं रणकंदन झालं, त्या दोन्ही दरबारांत ऊठबस असलेला हा माणूस. त्याने लिहून ठेवलंय, की १६८६ साली औरंगजेबाने विजापूरवर स्वारी केली तेव्हा गवत-चारा आणायला गेलेले मोगलांचे लोक विजापूरकरांच्या हाती लागले, तर ते त्यांना मारत नसत, नाकं कापून सोडून देत. ते रक्ताने माखलेले छावणीत परत येत. मग त्या मुलखातले शस्त्रवैद्य भुवयांच्या वरची कातडी कापून खाली पाडत, तिला पीळ देत आणि जिवंत मांसाला जिवंत मांस भिडवून नाक तयार करत. फार सुंदर होत नसे, असंही तो लिहितो. कपाळ, पीळ, जिवंताला जिवंत भिडवणं. कावसजीच्या शंभर वर्षं आधीची, पण तीच रीत. तीही दख्खनमधलीच. नाक कापणारे मुसलमान, कापून घेणाऱ्या फौजेचा बादशहा मुसलमान, आणि शिवणाऱ्यांची जात-धर्म मनुचीने लिहिलाच नाही. त्याला तो महत्त्वाचा वाटला नसावा. मला या एका बाबतीत मनुची आवडतो.

मग सुश्रुत आणि अल-झहरावी खोटे का? अजिबात नाही. सुश्रुतसंहितेत कापलेलं नाक पुन्हा करण्याची कृती आहे. पान घेऊन नाकाएवढं माप काढायचं, तेवढी कातडी गालावरून सोडवायची, एका बाजूला जोडलेली ठेवायची आणि नाकाच्या जागी बसवायची. गालावरून, कपाळावरून नाही. पण जोडलेली ठेवायची, हे मर्म त्यात आहेच. ते कुंभारापर्यंत ग्रंथातून आलं की ग्रंथातच कुणा कारागिरांच्या हातून गेलं होतं, हे कोण सांगणार? कुंभाराने संस्कृत वाचलं असण्याची शक्यता नाहीच. गंमत म्हणजे संस्कृत न येणाऱ्या बगदादने मात्र सुश्रुत वाचला होता. हारून रशीदच्या काळात बर्मकी वजीर याह्या बिन खालिदने मनका नावाच्या भारतीय वैद्याकडून या ग्रंथाचा अनुवाद करून घेतला. अरबीत त्याचं नाव 'सुस्रुद' झालं. दहाव्या शतकात इब्न नदीमने आपल्या 'फिहरिस्त' या ग्रंथसूचीत त्याची नोंद केली. माझ्या खानदानाच्या ग्रुपवर हे कधी फॉरवर्ड झालं नाही, आणि कॉलनीच्या ग्रुपवर होण्याचा तर प्रश्नच नाही. दोन्ही बाजूंना ते अडचणीचं आहे.

अल-झहरावी कुर्तुब्याचा, म्हणजे स्पेनचा, सन ९३६ ते १०१३. त्याच्या 'तसरीफ'चा तिसावा भाग शस्त्रक्रियेवर आहे, हत्यारांच्या आकृत्यांसकट. हलणारे दात सोन्याच्या तारेने बांधणं आणि पडलेल्या दाताच्या जागी बैलाच्या हाडाचा दात कोरून बसवणं त्याने लिहिलंय. अवयवाच्या जागी अवयव बसवण्याच्या इतिहासात त्याची जागा पक्की आहे. तीनशे वर्षांनी नव्हे, दीडशे-दोनशे वर्षांतच त्याचं लॅटिन भाषांतर झालं आणि युरोपने ते पुढे शतकानुशतकं वापरलं. पण कपाळाच्या कातडीचं नाक त्याने केलेलं नाही. पंधराव्या शतकात सिसिलीतल्या ब्रांका बापलेकांनी नाकं केली, १५९७ साली बोलोन्याच्या तालियाकोत्सीने त्यावर पुस्तक छापलं, पण त्याची कातडी दंडाची होती. रुग्णाचा दंड नाकाला जोडून कित्येक दिवस डोक्याशी बांधून ठेवायचा. भारतातून सिसिलीला ही विद्या अरबांमार्फत गेली, असं बरेच जण लिहितात. मधला दुवा मात्र कुणी दाखवलेला नाही, त्यामुळे मी वर्गात तो सांगितला नाही.

पुण्याहून लंडनला मात्र ती कशी गेली याचा कागद आहे. जोसेफ कार्पू नावाच्या सर्जनने मासिकातला मजकूर वाचला, हिंदुस्थानात राहून आलेल्या इंग्रजांकडे चौकशा केल्या, प्रेतांवर सराव केला आणि जवळजवळ वीस वर्षं रुग्णाची वाट पाहिली. २३ ऑक्टोबर १८१४ ला त्याने एका लष्करी अधिकाऱ्यावर कपाळाच्या कातडीने ही शस्त्रक्रिया केली. ती जमली. दुसरी एका कॅप्टनवर, ज्याचं नाक लढाईत तलवारीने कापलं गेलं होतं. तीही जमली. १८१६ साली त्याने पुस्तक काढलं. १८१८ साली बर्लिनच्या ग्रेफेने 'ऱ्हायनोप्लास्टिक' काढलं. युरोपने या रीतीला नाव दिलं 'भारतीय पद्धत'. कॅन्सरने नाक गेलेल्या रुग्णांसाठी कपाळाची कातडी पीळ देऊन खाली आणणं आजही चालतं, सुधारलेल्या रूपात. म्हणजे देशाला श्रेय मिळालं. माणसाला नाही.

नाव लिहून ठेवायची रीतच नव्हती असं म्हणावं, तर त्याच काळातला, त्याच पुण्यातला एक कारागीर आपल्याला नावानिशी माहीत आहे. कावसजीचं चित्र जानेवारी १७९४ मध्ये, शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी, जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने काढलं. पुण्याचा इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने वेल्स पुण्यात काम करत होता. त्याच्या हाताखाली एक मराठी चित्रकार होता, गंगाराम तांबट. या गंगारामने वेरूळच्या लेण्यांची चित्रं काढली. वेल्सनेही काढली, आणि ती पुढे १८०३ साली लंडनमध्ये छापून आली. आपण रविवारी मुलांना घेऊन वेरूळला जातो, तिथे कैलास लेण्यासमोर कावसजीचा चित्रकारही मांडी घालून बसला होता. तांबटाचं नाव राहिलं, कारण मॅलेटला चित्रं हवी होती आणि त्याने नाव विचारलं. कुंभाराला क्रूसो आणि फिंडले यांनी मेण सपाट करताना पाहिलं, पंचविसाव्या दिवशी काय होतं ते विचारलं. नाव विचारलं नाही. आणि फक्त इंग्रजांना दोष देऊन काय उपयोग? पेशव्यांच्या दप्तरात कोणत्या देवळाला किती तूप गेलं त्याचेही हिशेब आहेत. गावकीच्या बारा बलुतेदारांत कुंभाराला बलुतं होतं ते मडक्यांचं, नाकांचं नव्हे.

पुढे मुंबईला १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज निघालं आणि शस्त्रक्रिया पदवीवाल्यांची झाली. ते वाईट झालं असं मी म्हणणार नाही. त्याच विद्येने माझे मामू वाचले. जुनागढचे डॉक्टर त्रिभुवनदास शाह यांनी १८८९ साली शंभरावर नाकांच्या शस्त्रक्रियांचं पुस्तक छापलं. त्या भागात कादू मकराणी नावाचा बंडखोर लोकांची नाकं कापत हिंडायचा. त्रिभुवनदासांकडे क्लोरोफॉर्म होता, पण कातडी कपाळाचीच. आणि मला सगळ्यात जवळचे वाटले ते डॉक्टर नोशीर अंतिया. हे खरोखरचे पारशी. इंग्लंडमध्ये सर हॅरल्ड गिलीज यांच्याकडे शिकले, ज्यांनी पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांचे फाटलेले चेहरे जोडले होते. परत येऊन अंतिया पुण्याजवळच्या कोंढव्याला कुष्ठरोग्यांवर शस्त्रक्रिया करू लागले. कुष्ठरोगात नाकाची बाहेरची कातडी शाबूत राहते, आतलं अस्तर जातं आणि नाक बसतं. बसलेलं नाक म्हणजे कपाळावर लिहिलेला रोग. रोग बरा झाला तरी एसटीत शेजारी कुणी बसत नाही. अंतियांनी आतून नवं अस्तर घालून ती नाकं उभी केली. पुन्हा पुणे, पुन्हा गरिबाचं नाक. याच माणसाने पुढे रायगड जिल्ह्यात मांडव्याला गावच्या बायकांना आरोग्याची कामं शिकवली, कारण डॉक्टरकी म्हणजे फक्त डॉक्टरांचीच विद्या हे त्यांना मान्य नव्हतं. २००७ साली ते गेले.

स्वतःच्या अंगाचा तुकडा स्वतःलाच लावायला कुणाची हरकत नसते. १९८८ साली जिद्दाच्या इस्लामी फिकह अकादमीने अवयवांबद्दल ठराव केला, त्यातही हे आधी मान्य केलंय. वाद आहे तो दुसऱ्याच्या अवयवाचा. अकादमीने अटी घालून तोही मान्य केला. पाकिस्तानचे मुफ्ती मुहम्मद शफी यांच्यासारखे मोठे आलिम मात्र त्याच्या विरोधात होते, कारण शरीर अल्लाहची अमानत आहे, आपण मालक नाही. आपल्या राज्यात अवयवदानाच्या समन्वयाची चार विभागीय केंद्रं आहेत, त्यातलं एक आपल्याच शहरात आहे. मी अजून फॉर्म भरलेला नाही. विचार चालू आहे, आणि घरात त्यावर बोलणं झालं की चहा थंड होतो.

दोन महिन्यांनी मी नववीच्या वर्गात कावसजीची गोष्ट सांगितली. मेणाऐवजी पिठाच्या कणकेचं नाक केलं, सपाट केलं, कागदावर रेघ ओढली, कापलं, पीळ दिला. कागदाचं नाक तिसऱ्या वेळी जमलं. जुन्या शहरात कुंभारवाडा आहे, तिथल्या बाजूने येणारा एक मुलगा शेवटी उभा राहून म्हणाला, "मॅडम, मग सुश्रुत की झहरावी, परीक्षेत काय लिहायचं?" मी म्हटलं, परीक्षेत हा प्रश्नच नाही. तो जरा निराश झाला.

त्या संध्याकाळी मामू आले होते. मी मोबाइलवर वेल्सच्या चित्रावरून केलेली छापील प्रत दाखवली. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि बोटांनी चित्र मोठं करून कपाळावरचा व्रण, मग नाक, मग पुन्हा कपाळ असं बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "नाक तो बराबर बैठी है. पर इसका एक हात बी गया था बोली ना तू?"

मी हो म्हटलं.

"तो रोटी कैसे तोड़ता होइंगा?"